स्वमग्न मुलाला घेऊन गावी राहायला जाताना

स्वमग्न मुलाच्या आईवडिलांना एक सल्ला हमखास मिळतो: शहर सोडा, गावी जा, मोकळ्या हवेत पोर शांत होईल. देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. आम्ही पुणे सोडून संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीत, नवऱ्याच्या वडिलोपार्जित घरात राहायला आलो तेव्हा लेक नऊ वर्षांचा होता. मोजके शब्द बोलायचा. अधूनमधून फिट यायची, त्यासाठी गोळ्या चालू होत्या. आज आम्ही इथेच आहोत आणि परत जायचा विचार नाही. पण पहिल्या पावसाळ्यात जे सोसलं त्यातलं बरंचसं दुसऱ्या कुणाला टाळता येईल, म्हणून लिहिते आहे.

गावात शांतता असते हे आपल्या कानांना वाटतं. मुलाचे कान वेगळे. पुण्यात रहदारीचा आवाज दिवसरात्र एकसारखा चालू असायचा आणि लेक त्यातच वाढला होता. इथले आवाज अचानक येतात. झावळ पत्र्यावर आदळते, वानरं कौलांवरून धावतात, देवळाचा भोंगा पहाटे सुरू होतो. जूनमध्ये पडवीच्या पत्र्यावर असा पाऊस कोसळायचा की शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू यायचं नाही. लेक कान घट्ट दाबून माजघराच्या कोपऱ्यात बसून राहायचा. त्यातच वारा झाला, झाड तारेवर पडलं की लाईट जायची ती कधी दुसऱ्या दिवसापर्यंत यायची नाही. आम्ही उकाड्याची काळजी करत होतो. त्याला झोपायला लागायचा तो पंख्याचा आवाज. आवाज थांबला की तो जागा व्हायचा आणि मग घरात कुणीच झोपत नसे. इन्व्हर्टर घेतला, लेकाचं अंथरूण पडवीपासून लांब आतल्या खोलीत नेलं, पत्र्याखाली फळ्या ठोकून घेतल्या, तेव्हा कुठे रात्री सरळ झाल्या.

म्हणून पहिली गोष्ट सांगते. गाव बघायला डिसेंबरात जाऊ नका. डिसेंबरात कोकण सगळ्यांनाच आवडतं. मुलाला घेऊन जुलैत जा, पंधरा दिवस राहा, आणि त्याची झोप, खाणं, शी-शू यांची रोज नोंद ठेवा. मग शिमग्याला जा. पालखी घरोघर येते तेव्हा ढोलताशांचा दणका दारात येतो. आम्ही मानकऱ्यांना भेटून लेकाची अडचण सांगितली. आता आमच्या बेड्यापाशी, म्हणजे अंगणाच्या फाटकापाशी, ढोल थांबतात आणि पालखी ढोलाविना अंगणात येते. कुणी नाराज झालं नाही. पण हे आधी जाऊन सांगावं लागतं. पालखी दारात आल्यावर सांगण्यात अर्थ नसतो.

आता पाण्याबद्दल, आणि हा भाग कृपा करून दोनदा वाचा. स्वमग्न मुलं न सांगता घरातून निघून जातात आणि त्यांच्यातल्या अनेकांना पाण्याची विलक्षण ओढ असते. अशी हरवलेली मुलं दगावतात ती बहुतेक वेळा बुडून. शहरात दाराला कुलूप असतं, खाली वॉचमन असतो. वाडीत पुढचं दार, मागचं दार, न्हाणीकडचं दार दिवसभर उघडी. कुंपण म्हणजे कमरेएवढा गडगा, आणि पलीकडे बिनकठड्याची विहीर नाहीतर पऱ्या, म्हणजे ओढा. पहिल्या जुलैत, घरात आम्ही सगळे जागे असताना, लेक मागच्या दारानं निघाला तो थेट पऱ्याच्या काठावर जाऊन बसला. पाणी तांबडं, भरून चाललेलं. लावणीला निघालेल्या एका काकूंनी त्याला पाहिलं. त्यांनी आरडाओरडा केला नाही, हात धरून ओढलं नाही. त्याच्या आणि पाण्याच्या मधे जाऊन त्या चिखलात बसल्या आणि एका मुलाला आमच्याकडे पिटाळलं. आम्ही धावत पोचलो तेव्हा त्या म्हणाल्या, “बोलत नाय तो, पन बाजूला बसलेला चालतो त्याला.” कितीतरी तज्ज्ञांकडून ऐकलेलं त्यांनी एका वाक्यात सांगितलं.

त्या आठवड्यात विहिरीवर लोखंडी जाळी बसली. तुम्ही मात्र सामान हलवण्याआधीच बसवून घ्या, आपल्या विहिरीवर आणि शेजाऱ्यांना विचारून त्यांच्याही. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवावा लागतो. त्यातून काही होईल का ते ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना विचारा. दारांना वर, मुलाचा हात पोचणार नाही अशा उंचीवर कडी लावा. बेड्याला घुंगरू बांधा. गळ्यात ओळखपत्र अनेक मुलांना सहन होत नाही, तेव्हा शर्टाच्या आतून फोन नंबर शिवून टाका. आणि वाडीतल्या प्रत्येक घरी मुलाला घेऊन जा, त्याचा फोटो द्या आणि एवढंच सांगा: हा एकटा दिसला तर हाका मारू नका, पाठलाग करू नका, पाण्याच्या बाजूला उभे राहा आणि आम्हाला कळवा. हरवला तर आधी पाण्याकडे धावायचं, बाकी सगळं नंतर शोधायचं. जमेल त्यानं मुलाला पोहायलाही शिकवावं. आमचा पाठीला डबा बांधून काकांकडून शिकला. तरीही जाळी काढलेली नाही आणि काढणार नाही.

औषधांचं गणित पुण्यात करावंच लागत नव्हतं, कोपऱ्यावर दुकान होतं. फिटच्या गोळ्या एकदम बंद पडल्या तर मोठी फिट येण्याचा धोका असतो, आणि तालुक्याच्या दुकानात नेमकी तीच गोळी असेलच असं नाही. पावसाळ्यात दरड कोसळून आंबा घाट बंद झाला की कोल्हापूरकडून येणारा माल अडकतो. त्यामुळे आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, भरणी करताना तांदूळ, लाकडं आणि सुक्या मासळीबरोबर गोळ्याही भरून ठेवायच्या. फिट पाच मिनिटांपेक्षा लांबली तर नाकात मारायचा स्प्रे डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि तो कसा द्यायचा हे घरातल्या प्रत्येकाला शिकवा. १०८ ची गाडी वाडीत पोचायला किती वेळ लागेल, चिखलात ती कुठपर्यंत येईल, हेही आधी विचारून ठेवा.

कागदपत्रं शहरात असतानाच पुरी करा. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी स्वमग्नतेची तपासणी ठरलेल्या मापनपद्धतीनं करावी लागते. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ आणि चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ लागतात, आणि ते छोट्या जिल्ह्यात सहज मिळत नाहीत. यूडीआयडी कार्ड देशभर चालतं, गाव बदललं म्हणून बाद होत नाही. नॅशनल ट्रस्टच्या ‘निरामय’ योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचं विमा संरक्षण मिळतं आणि त्यात थेरपीचा खर्चही धरलेला आहे. नोंदणी मात्र ट्रस्टशी जोडलेल्या संस्थेमार्फत होते, आणि अशा संस्था शहरांत जास्त आहेत.

शाळेचं आमचं असं झालं. तालुक्यातल्या एका खासगी शाळेनं आधी प्रवेश दिला आणि थोड्याच दिवसांत, इतर पालकांची तक्रार आहे म्हणून घरी पाठवलं. असं करता येत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये स्वमग्नतेचा समावेश आहे आणि ज्याला ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व आहे त्या मुलाला ६ ते १८ वर्षं वयात जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. भांडायची तयारी होती, पण जिथे लेक नको आहे तिथे त्याला रोज पाठवावंसं वाटेना. वाडीतल्या जिल्हा परिषदेच्या शाळेनं त्याला घेतलं. पट लहान, दोन शिक्षक. बाईंनी त्याला दुपारच्या खिचडीची ताटं मांडायचं काम दिलं. सगळी एका ओळीत, एका अंतरावर. ते काम तो मनापासून करतो आणि त्यासाठी शाळेत जातो. सरकारच्या समग्र शिक्षा योजनेचे विशेष शिक्षक तालुक्याहून येतात, पण त्यांच्याकडे अनेक शाळा असतात. त्यांची भेट रोज होईल या भरवशावर राहू नका. पुण्याच्या ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून निघण्याआधी मी घरी करायचे व्यायाम शिकून घेतले होते, तेच आज कामी येतात. व्हिडिओवर बोलणं होतं, रेंज असेल तेव्हा.

खाण्याबद्दल थोडक्यात. पिशवीचं दूध पिणारं मूल घरच्या गाईच्या दुधाला तोंड लावत नाही, वास वेगळा येतो. पिशवीच्या दुधात चमचाभर, मग दोन चमचे असं मिसळत गेलो. या मुलांच्या बाबतीत ‘भूक लागली की खाईल’ हे खरं नसतं. ती खरोखर उपाशी राहतात.

लोक बोलतातच. दृष्ट लागली, बाहेरचं आहे, देवाला गाऱ्हाणं घाला. सासूबाईंनी गाऱ्हाणं घातलं, मीही हात जोडून उभी राहिले. पण गोळ्या बंद करून अंगारा लावायला सांगणाऱ्याला घरात थारा द्यायचा नाही, हे आम्ही दोघांनी पक्कं केलं.

लेकाच्या धांदलीत आमच्या मोठ्या मुलीच्या मैत्रिणी सुटल्या. ती भावावर लक्ष ठेवते, पण ती त्याची राखणदार नाही. तिच्या शाळेचा, तिच्या एकटीच्या वेळेचा विचार पहिल्या दिवसापासून करा. आणि शहरातलं घर विकू नका, भाड्यानं द्या. एखाद्या मुलाला गाव मानवतच नाही, आणि तसं झालं तर परतायला जागा हवी.

गावात राहणाऱ्यांना एक विनंती. तुमच्या वाडीत असं मूल राहायला आलं तर त्याला काय झालंय हे नंतर विचारा. आधी तुमच्या विहिरीवर जाळी बसवा.