पोट साफ होते म्हणजे नेमके काय होते?

"डॉक्टर, बाकी सगळे ठीक आहे हो, पण पोट साफ होत नाही." ही तक्रार ऐकल्याशिवाय माझ्या दवाखान्यातला एकही दिवस जात नाही. तक्रार करणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरी फडताळात चूर्णाची बाटली ठेवलेली असते. रात्री झोपताना चमचाभर चूर्ण, सकाळी दोन-तीन वेळा जाऊन येणे, दुसऱ्या दिवशी काहीच नाही, म्हणून पुन्हा चूर्ण. हा फेरा काही जणांच्या बाबतीत दहा-दहा वर्षे चालू असतो. तो कशामुळे सुरू होतो हे कळण्यासाठी आतड्यांचे रोजचे काम आधी पाहावे लागेल.

आपण दिवसभरात पाणी, चहा, आमटी मिळून सुमारे दोन लिटर द्रव पोटात घेतो. त्यात शरीर स्वतःचे आणखी सुमारे सात लिटर रस घालते. लाळ, जठरातला आम्ल रस, यकृताचे पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि आतड्यांच्या अस्तरातून पाझरणारा रस, असे हे सारे पाचक रस. म्हणजे रोज जवळजवळ नऊ लिटर द्रव लहान आतड्यात येतो. त्यातला बहुतेक तेथेच शोषला जातो आणि एक-दीड लिटर पातळसर चोथा मोठ्या आतड्यात उतरतो. मोठे आतडे त्यातलेही पाणी ओढून घेते. शौचावाटे बाहेर जाणारे पाणी शे-दोनशे मिलिलिटर, म्हणजे जेमतेम एक कपभर. चोथा मोठ्या आतड्यात जितका जास्त वेळ राहील तितका तो कोरडा आणि कठीण होतो. बद्धकोष्ठाचे मर्म एवढ्यातच आहे.

आता चाल पाहू. जठर मिनिटाला साधारण तीन वेळा आकुंचन पावून अन्न घुसळते. साध्या वरणभाताला तेथून निघायला दोन-तीन तास लागतात, तर तळलेले, तुपकट जेवण त्याहून रेंगाळते. पुढे लहान आतड्यात जी हालचाल होते तिचा शोध बेलिस आणि स्टार्लिंग या दोन शास्त्रज्ञांनी लंडनमध्ये १८९९ साली लावला. घास जेथे असेल त्याच्या मागचे आतडे आवळते आणि पुढचे सैल पडते, त्यामुळे घास आपोआप पुढे सरकतो. बाहेरच्या नसा तोडल्या तरी हे चालू राहते, कारण आतड्याच्या भिंतीतच मज्जातंतूंचे स्वतंत्र जाळे असते. मेंदूचा मात्र त्यावर वचक असतो. अमेरिकेत कॅनन या शास्त्रज्ञाने त्याच सुमारास मांजरीला बिस्मथ मिसळलेले अन्न देऊन क्ष-किरणांखाली तिचे जठर पाहिले. मांजर चिडली, बिथरली की जठराची हालचाल जागच्या जागी थांबे. घरात कटकट झाली की पोटात गच्च होते असे आपल्याकडे म्हणतात, ते उगीच नाही.

पोट रिकामे असताना दर दीड तासाच्या सुमारास एक जोरदार लाट जठरापासून लहान आतड्याच्या टोकापर्यंत जाते आणि उरलासुरला कचरा झाडून नेते. भूक लागल्यावर पोटात गुरगुरते ते बहुधा या झाडलोटीमुळे. सतत काहीतरी चघळत राहणाऱ्या माणसाच्या आतड्याला ही झाडलोट करायला सवडच मिळत नाही.

मोठ्या आतड्याचा कारभार वेगळा. ते दिवसभर जवळजवळ स्वस्थ असते आणि दिवसातून एक ते तीन वेळाच मोठी लाट येऊन मळ मलाशयाकडे ढकलला जातो. ही लाट उठते ती मुख्यतः सकाळी जाग आल्यावर आणि जठरात काही पडल्यावर. सकाळचा चहा घेतला की 'लागते' ते यामुळेच. तंबाखू किंवा मिश्रीशिवाय होत नाही असे सांगणारे पुष्कळ भेटतात. तंबाखूतले निकोटिन आतड्याला डिवचते हे खरे, पण तेच काम कपभर गरम पाणी आणि थोडी न्याहारीही करते. त्यासाठी तोंडाच्या कर्करोगाला आमंत्रण देण्याची गरज नाही.

आता चूर्णाचा फेरा. तोंडापासून शेवटपर्यंतच्या प्रवासाला एक ते तीन दिवस लागतात. विश्वास बसत नसेल तर मक्याचे कणीस खाऊन दाणे केव्हा दिसतात ते पाहावे. सोनामुखीचे चूर्ण रात्री घेतले की सकाळी मोठे आतडे बऱ्याच अंशी रिकामे होते. मग दुसऱ्या दिवशी बाहेर येण्यासारखे आत काही शिल्लकच नसते! ते पुन्हा भरायला दिवस-दोन दिवस जाणारच. पण माणूस घाबरतो आणि पुन्हा चमचा उचलतो. वास्तविक दिवसातून तीन वेळा ते आठवड्यातून तीन वेळा, यांमध्ये कोठेही असलेली सवय निरोगी समजली जाते, मात्र मळ मऊ हवा आणि कुंथावे लागता कामा नये. सोनामुखीने आतडे कायमचे निकामी होते ही जुनी भीती आता फारशी मानली जात नाही. पण रोज जास्त प्रमाणात घेतल्यास शरीरातले पोटॅशियम कमी होऊन अशक्तपणा येऊ शकतो.

दुसरे कारण म्हणजे वेग अडवणे. मलाशय भरले की सूचना येते. ती दाबली तर काही मिनिटांत विरून जाते. हे रोजचे झाले की मलाशयाला भरल्याची जाणीवच कमी होऊ लागते. चरकसंहितेत 'नवेगान्धारणीय' नावाचा स्वतंत्र अध्याय आहे, तो याच विषयावर. शाळेतला घाणेरडा संडास टाळणाऱ्या मुली, एस. टी.चे चालक, परसाकडे जायला अंधाराची वाट पाहावी लागणाऱ्या बाया, यांच्या बद्धकोष्ठाला औषधापेक्षा स्वच्छ संडास अधिक उपयोगी.

करायचे ते साधेच आहे. न्याहारीनंतर पंधरा-वीस मिनिटांनी, घाई नसताना बसावे. उकिडवे बसल्याने मलाशयाचा बाक सरळ होतो. कमोड वापरणाऱ्यांनी पायाखाली छोटा पाट घ्यावा. भाकरी, पालेभाजी, मोड आलेली कडधान्ये आणि सालासकट फळे रोज असावीत. इसबगोल चालेल, पण भरपूर पाण्याबरोबर. कोरडे घेतल्यास ते घशात किंवा आतड्यात अडकू शकते. लोहाच्या गोळ्या, कोडीनचे खोकल्याचे औषध, रक्तदाबाची काही औषधे यांनीही बद्धकोष्ठ होते, तेव्हा डॉक्टरांना आपल्या सगळ्या गोळ्या दाखवाव्यात.

आणि एक गोष्ट जिच्याबाबत मी आग्रही आहे. चाळिशी-पन्नाशीनंतर शौचाची सवय अचानक बदलली, मळावाटे रक्त गेले, वजन उतरू लागले, रक्त कमी झाले, तर 'मूळव्याधच असणार' असे घरीच ठरवून मोकळे होऊ नये. मोठ्या आतड्याचा कर्करोगही असाच सुरू होतो आणि लवकर सापडला तर शस्त्रक्रियेने बरा होऊ शकतो. डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची शौच म्हणजे बहुधा वरच्या बाजूला, जठरात किंवा त्याच्या पुढच्या भागात रक्तस्राव. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. लोहाच्या गोळ्यांनीही रंग काळा होतो, पण ती शौच डांबरासारखी चिकट नसते. डॉक्टरांनी बोटाने गुदद्वाराची तपासणी करतो म्हटले तर लाजून नकार देऊ नये. तिला एक मिनिट लागते, आणि मलाशयातली गाठ पुष्कळदा त्या एका मिनिटात हाताला लागते.