घोडपदेवची चाळ, विजेची गाडी आणि आपला ऊस



आपल्याकडच्या पुष्कळ घरांतले एखादे माणूस मुंबईत असते. गिरण्यांच्या काळात घोडपदेव, लालबाग, परळ भागात गेलेल्या मंडळींची पुढची पिढी आजही तेथे राहते. यात्रेला गावी आली की ही मुले एक प्रश्न हमखास काढतात, "काका, विजेची गाडी घ्यावी का?" प्रश्न त्यांचा असला तरी त्याच्या उत्तरात आपल्या उसाचे पैसे गुंतलेले आहेत. म्हणून या अंकात त्याचा थोडा अभ्यास करू.

विजेवरचे वाहन घोडपदेवला नवे नाही. मुंबईत विजेची ट्राम १९०७ साली सुरू झाली, ती १९६४ पर्यंत धावली. देशातील पहिली विजेची आगगाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदरहून कुर्ल्याला गेली, ती हार्बर मार्गाने. त्या मार्गावरची रे रोड आणि कॉटन ग्रीन ही स्टेशने घोडपदेवच्या शेजारचीच. पुढे १९६२ ते १९७१ या काळात गोवालिया टँक ते माझगाव डॉक अशी ट्रॉलीबसही होती.

मग आजच एवढी अडचण का? तर ट्रामला आणि आगगाडीला डोक्यावरच्या तारेतून वीज मिळते. मोटारीला मात्र आपली शिदोरी बरोबर बांधून निघावे लागते. ही शिदोरी म्हणजे बॅटरी. ती भरायची कुठे, बनवायची कशाची आणि सरकारी धोरणाचा भरवसा किती, असे तीन प्रश्न आहेत.

१) भरायची कुठे? लहान मोटारीच्या बॅटरीत सुमारे ३० युनिट वीज मावते. घरच्या मोठ्या प्लगवरून तासाला तीन युनिट धरले तर दहा तास लागतात. अंगणात गाडी लावणाऱ्याला हे सोपे आहे. घोडपदेवच्या चाळीत गाडी खाली रस्त्यावर आणि मीटर वर तिसऱ्या मजल्यावर! वायर सोडायची कुठून? काही स्कूटरची बॅटरी काढून खोलीत नेता येते, पण जुन्या वायरिंगवर रात्रभर तो भार टाकणे धोक्याचे.

बसचा हिशोब आणखी मोठा. एका बसला रात्री २०० युनिट धरा. डेपोत शंभर बस असतील तर २०,००० युनिट झाले. ते पाच तासांत भरायचे म्हणजे ४ मेगावॅटचा भार. २० मेगावॅटच्या सहवीज प्रकल्पाचा पाचवा हिस्सा एकटा डेपो घेईल. तेवढी केबल आणि ट्रान्सफॉर्मर आधी बसवावे लागतात, नुसत्या गाड्या आणून भागत नाही.

२) बनवायची कशाची? बॅटरीतले सेल अजून मुख्यतः चीनमधून येतात. देशात सेल बनावेत म्हणून केंद्राने २०२१ साली १८,१०० कोटी रुपयांची योजना आखली, पण काम उद्दिष्टाच्या फार मागे पडले. एप्रिल २०२५ मध्ये चीनने मोटरला लागणाऱ्या खास चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले, तेव्हा पुण्याच्या दुचाकी उद्योगालाही त्याची झळ बसली. गाळपक्षमता वाढवली आणि ऊस मात्र दुसऱ्याच्या शिवारात, अशातली ही गत. मुंबईत बेस्टने २०२२ साली २,१०० विजेच्या बस भाड्याने घेण्याचे ठरविले, एस.टी.ने त्यानंतर ५,१५० चे. दोन्हीकडे गाड्या वेळापत्रकाच्या फार मागे राहिल्या. इकडे प्रवासी थांब्यावर उभाच!

३) धोरणाचा भरवसा किती? 'फेम' योजनेचा दुसरा टप्पा २०१९ साली सुरू झाला. जून २०२३ मध्ये दुचाकीचे अनुदान एकदम कमी झाले आणि मार्च २०२४ अखेर योजनाच संपली. मार्च २०२५ मध्ये आपल्या राज्याने ३० लाखांवरील विजेच्या मोटारींवर ६ टक्के कर सुचविला आणि त्याच महिन्यात मागे घेतला. ऑगस्ट २०२५ मध्ये घोडपदेवपासून जवळच, शिवडीला सुरू होणाऱ्या अटल सेतूवर विजेच्या मोटारींना टोलमाफी मिळाली. सवलत चांगलीच आहे, पण कारखानदार दहा वर्षांचे कर्ज काढतो. त्याला दरवर्षी बदलणारे नियम परवडत नाहीत.

हे दुखणे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. ७ डिसेंबर २०२३ रोजी, ऐन हंगामात, उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंदीचा आदेश आला. आठवड्याभरात तो काहीसा सैल झाला आणि पुढच्या वर्षासाठी उठला. पण कर्ज काढून उभ्या केलेल्या आसवन्यांचे व्याज थोडेच थांबले?

आता मूळ मुद्दा. २०२५ साली पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याची मजल देशाने गाठली. देशातल्या पेट्रोलचा मोठा हिस्सा दुचाकीत जळतो, आणि विजेकडे वेगाने वळत आहेत त्या दुचाकी व रिक्षा. म्हणजे आज नाही तरी उद्या इथेनॉलची मागणी तेथून आटू लागेल. उलट बाजूही आहे. ही वाहने वीज खातील आणि आपल्या बगॅसपासून वीज होते. मात्र ती मुख्यतः गाळपाच्या हंगामात, आणि गाडी बारमाही धावणार. हे अंतर कसे भरायचे, याचा विचार कारखान्यांनी आताच करावा. सगळा पैसा एकाच पदार्थात घालणे शहाणपणाचे नाही.

आणि घोडपदेवच्या पोराला उत्तर काय द्यायचे? सांगा, "बाबा, आधी गाडी उभी करायची जागा आणि तिथला प्लग बघ, मग शोरूमला जा."

सभासदांनी विचार करावयाचे प्रश्न:
१. आसवनीसाठी नवे कर्ज घेताना किती वर्षांची मागणी गृहीत धरावी?
२. हंगामाबाहेर सहवीज प्रकल्प चालवायचा तर इंधन कोणते आणि कोणत्या दराने?
३. कारखान्याच्या आवारात दुचाकी चार्ज करण्याची सोय केल्यास तिचा खर्च कोणी सोसावा?

वार्षिक सर्वसाधारण सभेला येण्यापूर्वी घरी यावर जरूर बोलावे.