बोर्डाला आधी नाव विचारावं

यंत्रमागांवर लक्ष ठेवणारा आमचा बोर्ड बीगलबोन ब्लॅकवर बेतलेला. काही वर्षांत त्याच्या चार आवृत्त्या निघाल्या आणि दरवेळी हार्डवेअरवाले म्हणाले, 'किरकोळ बदल आहे.' बोर्ड उठवणारा बूटलोडर, यू-बूट, माझ्या गळ्यात होता.

१. 'किरकोळ' ऐकलं की आधी रॅमची चिप बघावी. दुसऱ्या आवृत्तीत खरेदीवाल्यांनी स्वस्तातली दुसरी डीडीआर३ चिप आणली. पिना त्याच, क्षमता तीच, टायमिंग वेगळं. सकाळी बोर्ड झकास उठायचे. दुपारी तापले की कन्सोलवर एसपीएलची, म्हणजे यू-बूटच्या पहिल्या टप्प्याची, एक ओळ उमटायची आणि पुढे शुकशुकाट. चार दिवस मी पॉवर सप्लायला शिव्या घालत बसलो होतो.

२. ओळख रॅमच्या आधी पटली पाहिजे. टायमिंग कुठलं लावायचं ते आवृत्तीवर ठरतं, आणि आवृत्ती विचारायची तेव्हा रॅम जागीच झालेली नसते. म्हणून हे एसपीएलमध्येच, प्रोसेसरच्या आतल्या इवल्याशा मेमरीत उरकावं लागतं. बीगलबोनच्या एएम३३५एक्स प्रोसेसरवर या टप्प्याला जेमतेम शंभरेक केबी मिळतात. वाट बीगलबोननेच घालून दिली आहे. त्याच्या ईईप्रॉममध्ये, आयटूसीच्या हेक्स ५० पत्त्यावर, आधी एक ठरलेली खूण, मग बोर्डाचं नाव, मग आवृत्ती असते. ते वाचून एकच यू-बूट जुन्या पांढऱ्या बीगलबोनला डीडीआर२चं आणि ब्लॅकला डीडीआर३चं टायमिंग देतो. आम्ही तेच उचललं. त्याआधी प्रत्येक आवृत्तीची वेगळी इमेज ठेवायची हौस भागवून झाली होती. (एका शुक्रवारी साठ बोर्डांवर भलतीच इमेज चढली. तो विषय नको.)

३. गप्प बोर्ड आणि कोरा बोर्ड एक नव्हेत. पहिल्या आवृत्तीत पैसे वाचवायला ईईप्रॉम लावलाच नव्हता, त्यामुळे बसवर उत्तर आलं नाही तर ती पहिली आवृत्ती, असं आम्ही धरलं. ते चाललं. पण उत्तर आलं आणि सगळे बाइट एफएफ निघाले, तर नव्या बोर्डावर ओळख लिहायची राहून गेली आहे. तिथे अंदाज बांधू नये. कन्सोलवर सांगून थांबावं. मी अंदाज बांधला होता. ते बोर्ड चाचणीत पास झाले, हेच वाईट.

४. सेव्हएन्व्ह, म्हणजे यू-बूटची सेटिंग्ज साठवणारी आज्ञा, जपून. इचलकरंजीहून टेक्निशियनचा फोन आला, "साहेब, कार्ड जुनंच हाय, बोर्ड नवा टाकला, आता नेट लागंना." ती साठवलेली सेटिंग्ज, म्हणजे एन्व्हायर्नमेंट, एसडी कार्डावर होतं. त्यात जुन्या बोर्डाच्या डिव्हाइस ट्रीचं (कर्नलला हार्डवेअरची ओळख करून देणाऱ्या फाइलचं) नाव जपून ठेवलेलं, आणि आमची स्क्रिप्ट नाव रिकामं असेल तरच नवं ठरवायची. नव्या बोर्डावर इथरनेटची चिप वेगळी. आता ते नाव प्रत्येक बूटला ईईप्रॉमवरून नव्याने ठरतं.

५. बीगलबोन ब्लॅकवर ईईप्रॉममध्ये लिहायचं तर टीपी४ हा टेस्ट पॉइंट ग्राउंडला टेकवावा लागतो. आम्हाला ती कटकट वाटली, म्हणून राइट-प्रोटेक्टची पिन कायमची ग्राउंडला बांधून टाकली. पुढे आमच्याच आयटूसी चाचणीने एका खेपेच्या बोर्डांची नावं पुसली. चौथ्या आवृत्तीत तिथे जम्पर आहे.