जुनं रील: घ्यायचं कशासाठी, सुधारायचं कुठवर

जुनं बेटकास्टिंग रील घ्यावं की नाही, हे त्यात पुढे काय काय बदलता येईल यावरून ठरवू नका. जे बदलता येणार नाही ते कोणत्या अवस्थेत आहे, यावरून ठरवा. खरेदीच्या वेळी बहुतेक जण याच्या नेमकं उलट करतात आणि त्या उलट्या क्रमाची किंमत मीही मोजली आहे. रील हातात येतं, हँडल जरा खरखरतं, आणि मनात लगेच यादी सुरू होते: बेअरिंग नवीन टाकू, ड्रॅगचे वॉशर कार्बनचे घेऊ, हँडल लांब लावू, मग बघा कसं धावतं ते. ही यादी खोटी नसते, यातलं सगळं खरोखर मिळतं. पण रिळाची फ्रेम, स्पूल आणि गिअरचे दात, या तीन गोष्टी त्या यादीत कधीच नसतात. त्या बिघडलेल्या असतील तर बाकी सुधारणा म्हणजे कुजलेल्या वाशांवर नवी कौलं.

हुबळीच्या लॅमिंग्टन रोडवर राहून गरवण्याची हौस असेल, तर हा प्रश्न आणखी नेटका करून विचारावा लागतो. इथून तीन प्रकारचं पाणी आवाक्यात येतं. धारवाडच्या आसपासची तळी, ज्यांत कमळाची पानं आणि गवत माजलेलं असतं आणि खाली मरळ दबा धरून बसते. सौंदत्तीजवळचा मलप्रभेचा मोठा जलाशय, जिथे रोहू-कटल्यासाठी जड वजन लावून गळ तळाशी सोडायचा असतो. आणि घाट उतरून दीड-पावणेदोनशे किलोमीटरवर कारवार-गोव्याच्या खाड्या, जिथे रायगडकरांचा जिताडा चणक या नावाने भेटतो. चौथं एक स्वप्न असतं ते काळी नदीतल्या महाशीरचं. साइक्सने १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या नमुन्यावरून ज्याची शास्त्रीय नोंद केली तो हा दख्खनी महाशीर. पण दांडेलीकडचा काळीचा बराच भाग व्याघ्र प्रकल्पात येतो आणि तिथे विनापरवाना गळ टाकता येत नाही. त्या स्वप्नासाठी रील घेऊ नका. तळ्यांवरसुद्धा ठेकेदाराला किंवा पंचायतीला आधी विचारा, कारण बहुतेक तळी मासेमारीसाठी ठेक्याने दिलेली असतात.

जुन्या रिळांत भारतात हौशी लोकांच्या तोंडी सगळ्यात जास्त असतं ते अबूच्या अँबॅसडरचं नाव. स्वीडनमधल्या स्वेंगस्टा गावी १९२१ मध्ये घड्याळांसाठी सुरू झालेल्या कारखान्याने टॅक्सीचे मीटर बनवले, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो रिळांकडे वळला, आणि १९५२ मध्ये त्याने अँबॅसडर ५००० बाजारात आणलं. घड्याळजींचा हात त्या रिळात दिसतो: सगळं उघडता येतं, प्रत्येक भाग सुटा होतो आणि पुन्हा तसाच बसतो. त्याच घराण्यातली ५५०० आणि ६५०० ही रिळं दशकानुदशकं बनत राहिली, म्हणून त्यांचे सुटे भाग आजही मिळतात. जुनं रील घ्यायचं तर अशाच कुळातलं घ्यावं, हे माझं ठाम मत आहे. जपानी रिळं कारागिरीत कमी नाहीत, उलट अनेक बाबतींत पुढे गेलेली आहेत. पण त्यांची मॉडेलं झपाट्याने बदलत गेली आणि वीस वर्षांपूर्वीच्या एखाद्या मॉडेलचा गिअर आज शोधायला गेलात तर तसलंच दुसरं मोडकं रील घेण्यावाचून मार्ग उरत नाही. घेण्याआधी रिळाच्या पायावर कोरलेला क्रमांक पाहा. एकाच नावाच्या रिळात वर्षागणिक आतले भाग बदललेले असतात आणि भाग मागवताना तो क्रमांकच कामी येतो. अँबॅसडरच्या ५५०१, ६५०१ अशा क्रमांकात शेवटी एक असेल तर हँडल डावीकडे असतं, हेही पैसे देण्यापूर्वी ध्यानात असू द्या.

आता फ्रेम, स्पूल आणि गिअरचे दात ही तीन हाडं तपासायची कशी? स्पूल मोकळा सोडून अंगठ्याने हलकेच फिरवा आणि त्याची कड आणि फ्रेम यांच्यामधली फट डोळ्यांसमोर धरा. फट फिरताना कमी-जास्त होत असेल तर स्पूल वाकलेला आहे किंवा फ्रेम पिळलेली आहे. रील दगडावर पडलं की हे होतं, आणि ते सरळ करून देणारा कोणी मला ठाऊक नाही. मग ड्रॅग पूर्ण आवळून, स्पूल अंगठ्याने दाबून, हँडल जोर लावून सावकाश फिरवायचा प्रयत्न करा. मोकळं फिरवताना गुळगुळीत लागणारे गिअर ओझ्याखाली दातागणिक टक टक करतात. तो आवाज घाणीचा नाही, झिजेचा आहे. शेवटी बाजूची झाकणं उघडू द्या म्हणून आग्रह धरा. पितळेवर हिरवा कळक दिसला तर घाबरू नका, तो घासून जातो. अॅल्युमिनियमवर रंगाचे फुगवटे आणि त्याखाली पांढरी भुकटी दिसली, तर मात्र रील परत करा. खाऱ्या पाण्याने धातू आतून खाल्लेला आहे आणि स्क्रूचे आटे पहिल्याच दुरुस्तीत हातात येतील. झाकण उघडू न देणारा विकणारा प्रामाणिक असू शकतो, पण न पाहिलेल्या रिळाची किंमत मोडीच्या भावानेच लावावी.

हाडं शाबूत असतील तर सुधारणेचा विचार करा, आणि इथेच सगळ्यात जास्त पैसा वाया जातो. नवी महागडी बेअरिंग टाकली की गळ लांब जाईल, ही समजूत अर्धीच खरी आहे. फेकीच्या क्षणी लूरला, म्हणजे नकली आमिषाला, आधी अख्खा स्पूल शून्यातून गरगर फिरवावा लागतो, आणि त्याला अडवतं ते बेअरिंगचं घर्षण कमी, स्पूलचं आणि त्यावरच्या लाइनचं वजन जास्त. हिशेब करून पाहा. ०.३५ मिलिमीटर जाडीची २०० मीटर नायलॉन लाइन साधारण २२ ग्रॅम भरते, आणि तिचा मोठा भाग स्पूलच्या बाहेरच्या कडेला असतो, जिथे वजन फिरवायला सर्वांत जड जातं. दहा ग्रॅमचा बेडकाच्या आकाराचा लूर फेकून बावीस ग्रॅमची लाइन फिरवायची म्हणजे काय, हे सांगायला नको. त्याऐवजी ०.२० मिलिमीटरची १०० मीटर वेणीची लाइन घेतली तर ती तीन ग्रॅमच्या आसपास येते. तिच्याखाली हलकी भर आणि नायलॉनचे थोडे वेढे द्या, नाहीतर गुळगुळीत स्पूलवर ती अख्खी घसरते. भर देण्याचा आळस करू नका. भरलेल्या स्पूलचा व्यास ३६ मिलिमीटर असेल तर ५.३ पटीच्या गिअरवर हँडलच्या एका फेऱ्यात ६० सेंटिमीटर लाइन येते. व्यास २८वर उतरला की तीच ४७वर येते, आणि गवतात घुसू पाहणाऱ्या मरळीला तेवढी सवड पुरते. लाइन बदलण्याचा हा उपाय नव्या बेअरिंगांपेक्षा स्वस्त आहे आणि फेक त्याने अधिक सुधारते. पाच ग्रॅमचे लूर मात्र त्यानेही जाणार नाहीत. ते या जातीच्या रिळाचं कामच नाही.

तरीही बेअरिंग गंजलेली असतील तर बदलावी लागतात, आणि ही गोष्ट वाटते त्याहून सोपी आहे. या कुळातल्या स्पूलचं बेअरिंग बहुधा ३ मिलिमीटर आतलं, १० बाहेरचं आणि ४ जाडीचं असतं. यंत्रांच्या दुनियेत त्याला ६२३ म्हणतात आणि ते थ्रीडी प्रिंटरमध्येही वापरलं जातं. १९०३ ते १९०७ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनचं नाव हुबळीच्या रस्त्याला आहे तसंच मुंबईच्याही एका रस्त्याला मिळालं, आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या त्या मुंबईच्या बाजारात असले भाग सहज मिळतात. फक्त दोन गोष्टी सांभाळा. स्वस्त ६२३ साध्या पोलादाचं असतं. गोड्या पाण्यावर चालतं, खाडीवर एका मोसमात गंजतं, म्हणून स्टेनलेसचंच मागा. आणि नवं बेअरिंग जाड ग्रीस भरून येतं. ते धुऊन पातळ तेलाचा एक थेंब घातल्याशिवाय ते जुन्यापेक्षाही मंद फिरेल. सिरॅमिकच्या गोळ्यांचं बेअरिंग घ्यावं का, असं विचाराल तर माझं उत्तर नाही असं आहे. गोळ्या गंजत नाहीत, पण त्या ज्या कड्यांमध्ये फिरतात त्या पोलादाच्याच असतात. शिवाय स्पूल जितका मोकळा, तितका ब्रेकवर आणि अंगठ्यावर भार जास्त. या रिळांचे ब्रेक म्हणजे फिरताना बाहेर सरकून घासणारे छोटे ठोकळे. ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात धरतात, म्हणजे फेकीच्या सुरुवातीला खूप आणि शेवटी जवळपास नाही. शेवटचा गुंता अंगठ्यानेच वाचवायचा असतो.

ज्या एका सुधारणेला मी मनापासून हो म्हणतो ती ड्रॅगची. मासा ओढतो तेव्हा लाइन किती जोरावर सुटावी हे ठरवणारे जुने वॉशर चामड्याचे किंवा फायबरचे असतात. सुकून, तेल पिऊन ते अडकत-सुटत चालतात, आणि लाइन तुटते ती नेमकी त्या अडकण्याच्या क्षणी. कार्बनचे वॉशर एकसारखे सरकतात. पण ते जास्त आवळता येतात म्हणून आवळू नका. ड्रॅगचा जोर वाढवला की तो सगळा भार गिअरच्या दातांवर आणि हँडल उलटं फिरू न देणाऱ्या खिट्टीवर जातो, आणि ते भाग जुन्या जोरासाठीच घडवलेले आहेत. वेणीची लाइन ताणत नाही, त्यामुळे झटकाही सगळा तिथेच बसतो. लांब हँडल लावण्याविषयीही माझं म्हणणं हेच.

यावर एक आक्षेप हमखास येतो: जुन्या मालात दम होता, नवीन सगळं प्लास्टिक. दम होता हे मान्य. पण आज आपल्यासमोर येतात ती टिकलेलीच रिळं. जी खाडीत कुजली ती मोडीत गेली, त्यांची मोजदाद कोणी करत नाही. शिवाय नव्या रिळांतही धातूच्या फ्रेमची पुष्कळ आहेत, आणि हलके लूर दिवसभर फेकायचे असतील तर ती निःसंशय सरस आहेत. दुसरा आक्षेप हुबळीत अधिक वजनाचा ठरतो. हे रेल्वे वर्कशॉपचं गाव, गोकुळ रोडला कारखाने, लेथवर काय बनत नाही? बुश बनतो, हँडलचा नट बनतो, वाकलेला दांडा सरळ होतो. तेवढ्यासाठी त्या कारागिरांकडे अवश्य जा. त्यांचा हात पाहून घेण्यासारखा असतो. पण बारीक, तिरक्या दातांचा गिअर एक नग बनवून घ्यायचा खर्च रिळापेक्षा जास्त होतो आणि धातूची कठीणता जुळेल याची खात्री नसते. परदेशातून मागवलात तर भागाच्या किमतीवर टपाल आणि जकात चढते. म्हणून माझा हिशेब असा असतो: रील, लाइन, वॉशर, बेअरिंग आणि मजुरी मिळून त्याच कामाच्या नव्या रिळाच्या निम्म्याच्या वर जात असेल, तर जुनं घेऊ नये. मरळ आणि जलाशयासाठी हा आकडा बहुधा निम्म्याच्या आत राहतो. खाडीसाठी क्वचितच.

वडिलांचं किंवा काकांचं रील घरात असेल तर हा हिशेब लावू नका. ते विकत घ्यायचं नसतं आणि सुधारायचंही नसतं. चालतं करायचं असतं. रॉकेलने धुऊन, कळक काढून, गिअरला ग्रीस आणि बेअरिंगला तेल देऊन ते गोड्या पाण्यावर न्या. ड्रॅगचे वॉशर बदलावेच लागले तर बदला, पण काढलेले जुने भाग पायावरच्या क्रमांकाची चिठ्ठी घालून एका डबीत ठेवा, म्हणजे पुढे ज्याच्या हाती ते रील जाईल त्याला ते होतं तसं पुन्हा जुळवता येईल.