कानाची तालीम

कोल्हापूर जिल्ह्यातील पन्हाळा तालुक्यात कोडोली नावाचे मोठे गाव आहे. गावाभोवती उसाची हिरवीगार शेते पसरलेली आहेत. जवळूनच वारणा नदी वाहते आणि शेजारी वारणानगरचा साखर कारखाना आहे. १९९८ साली या परिसरातील सुमारे सत्तर गावे संगणकांनी जोडण्याचा एक मोठा प्रयोग सुरू झाला. आपल्या उसाची नोंद, त्याचे वजन आणि त्याचे पैसे यांची माहिती शेतकऱ्याला गावातच मिळावी, हा त्यामागचा हेतू होता. आज तेथील बहुतेक घरांत मोबाइल पोहोचला आहे. उसाचे वजन कळविणारी विद्या आता मुलांना दूरदेशीच्या भाषेचे उच्चारही ऐकवू लागली आहे.

अशाच एका घरातील, सातवीत शिकणारी एक मुलगी डोळ्यांसमोर आणावी. इंग्रजीची अक्षरे तिला पहिलीपासून ठाऊक आहेत. कारण सन २००० पासून महाराष्ट्रातील मराठी शाळांत पहिलीपासूनच इंग्रजी शिकविली जाते. तिचे हस्ताक्षर सुरेख आहे. शब्दांचे अर्थही तिला पाठ आहेत. परंतु एके दिवशी वर्गात उभे राहून धडा वाचताना तिची गाडी अडली. धड्यात पश्चिम दिशेसाठी एक शब्द होता आणि बनियनसाठी दुसरा. तिने दोन्ही शब्द सारखेच उच्चारले, ‘वेस्ट’ आणि ‘वेस्ट’. “सूर्य बनियनमध्ये मावळला!” असे कोणी तरी मागच्या बाकावरून म्हणाले आणि वर्ग खो खो हसला. मुलगी खाली बसली. त्यानंतर पुष्कळ दिवस तिने इंग्रजीच्या तासाला हात वर केला नाही.

यात तिची चूक होती काय? देवनागरीत हे दोन्ही शब्द एकाच प्रकारे लिहावे लागतात. मराठीला एकच ‘व’ पुरतो. इंग्रजीत मात्र दोन निरनिराळे ध्वनी आहेत. ‘व्ही’ या अक्षराचा ध्वनी काढताना वरचे दात खालच्या ओठावर हलकेच टेकतात. ‘डब्ल्यू’चा ध्वनी काढताना दातांचा ओठांशी काहीच संबंध येत नाही, शीळ घालताना होतो तसा ओठांचा चंबू होतो. पहिल्या ध्वनीने बनियन होते, दुसऱ्याने पश्चिम दिशा. ही गोष्ट पुस्तकाच्या पानावर दिसत नाही. ती ओठांवर दिसते आणि कानांना कळते.

त्या दिवशी संध्याकाळी मुलीने वडिलांच्या मोबाइलवर इंग्रजी उच्चारांचा एक व्हिडिओ लावला. पडद्यावरील शिक्षिका एक एक शब्द सावकाश उच्चारीत होत्या. त्यांचे ओठ मोठे करून दाखविले होते. मुलीने तो भाग एकदा, दोनदा, दहा वेळा पाहिला. प्रत्यक्ष शिक्षकाला दहा वेळा तोच शब्द विचारायला संकोच वाटतो. पडद्यावरचा शिक्षक मात्र कंटाळत नाही. बोलणे फार वेगाने होत असेल, तर त्याचा वेग कमीही करता येतो.

ही सोय पूर्वी नव्हती. माणसाचा आवाज साठवून तो पुन्हा ऐकविण्याचे यंत्र एडिसनने १८७७ साली तयार केले. पुढे रेडिओ आला. १९४३ साली बी.बी.सी.ने रेडिओवरून इंग्रजीचे पाठ देण्यास प्रारंभ केला. परंतु रेडिओवरील शब्द एकदा कानावरून गेला की गेला, आणि बोलणाऱ्याचे ओठ काही दिसत नसत. २००५ साली यूट्यूब सुरू झाल्यानंतर आवाज आणि चित्र ही दोन्ही कोणालाही, कोठेही, हवी तेव्हा मिळू लागली. २०२० च्या मार्चमध्ये करोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा तर अनेक मुलांची शाळाच मोबाइलच्या पडद्यावर भरली. आज पाठ्यपुस्तकावरील चौकोनी क्यूआर कोड मोबाइलने टिपला, की त्या पाठाला जोडलेले साहित्य पडद्यावर येते.

इतकी साधने हाती असली, तरी केवळ ऐकून उच्चार येतो असे नाही. त्या मुलीने आठवडाभर शिक्षिकेच्या मागोमाग शब्द म्हटले. आपल्याला ते साधले, असे तिला वाटले. मग तिने स्वतःचा आवाज मोबाइलवर मुद्रित केला आणि ऐकला. दोन्ही शब्द पूर्वीप्रमाणेच एकसारखे होते! एकलव्याने द्रोणाचार्यांची मातीची मूर्ती पुढे ठेवून धनुर्विद्येचा अभ्यास केला. ती मूर्ती त्याची चूक सांगू शकत नव्हती. परंतु नेम चुकला, की लक्ष्याबाहेर पडलेला बाणच ते सांगे. पडद्यावरील शिक्षकही आपल्याला ऐकत नाही. तेव्हा आपला नेम चुकला, हे सांगणारा बाण आपणच शोधला पाहिजे.

मुलीने तो शोधला. तिने एका कागदावर बनियनचे आणि दुसऱ्यावर मावळत्या सूर्याचे चित्र काढले. धाकट्या भावाला तिने दोन्ही शब्द व्हिडिओवरून पुष्कळदा ऐकविले. मग ती त्याच्याकडे पाठ करून बसली आणि एकेक शब्द उच्चारू लागली. भावाने केवळ ऐकून योग्य चित्रावर बोट ठेवायचे, असा खेळ होता. प्रथम दहांपैकी पाच वेळा त्याचे बोट चुकीच्या चित्रावर पडले. म्हणजे त्याला काहीच फरक कळत नव्हता. तो अंदाजानेच बोट ठेवीत होता. मुलीने आरसा आणला. दात ओठावर टेकतात की नाही, हे ती पाहू लागली. काही दिवसांनी भावाचे बोट दहांपैकी नऊ वेळा बरोबर पडले. त्या दिवशी बहिणीच्या जिभेला वळण लागले आणि भावाचा कानही तयार झाला.

अशी तालीम आणखी काही ध्वनींसाठीही करावी लागते. मराठी ‘ट’ उच्चारताना जीभ मागे वळून टाळूला लागते. इंग्रजी ‘टी’च्या वेळी ती वरच्या दातांमागील हिरडीलाच लागते. ओठांपुढे कागदाची पातळ पट्टी धरून ‘ताट’ म्हटले, तर पट्टी फारशी हलत नाही. ‘थाट’ म्हटले, की ती फडफडते. इंग्रज मनुष्य ‘पिन’ म्हणतो, तेव्हाही ती तशीच फडफडते. मात्र ‘स्पिन’ म्हणताना ती स्थिर राहते. ‘पिन’मधील हा श्वास नसेल, तर इंग्रज कानाला ‘प’च्या जागी ‘ब’ ऐकू येण्याचा संभव असतो.

इंग्रजीची अक्षरे सव्वीसच आहेत. परंतु इंग्लंडातील प्रमाण मानलेल्या उच्चारांत सुमारे चव्वेचाळीस ध्वनी मोजतात. शिवाय लेखन आणि उच्चार यांची फारकत झालेली आहे. कॅक्स्टनने १४७६ साली इंग्लंडात छापखाना काढला आणि त्यानंतर शब्दांची लेखी रूपे हळूहळू स्थिर होत गेली. लोकांची बोली मात्र बदलत राहिली. गुडघ्याला इंग्रजीत ‘नी’ म्हणतात. त्या शब्दाच्या आरंभी ‘के’ हे अक्षर आहे. एके काळी ते उच्चारले जाई; आज ते केवळ कागदावर उरले आहे. म्हणून इंग्रजी शब्द डोळ्यांनी वाचण्यापूर्वी तो कानांनी ऐकणे हिताचे असते.

मराठीतही कानाची गरज लागत नाही असे नाही. ‘चाक’ आणि ‘चहा’ या दोन्ही शब्दांत अक्षर एकच ‘च’ आहे. परंतु त्याचे उच्चार दोन आहेत. ते पुस्तकाने नव्हे, तर घरातील माणसांनी मुलांना शिकविलेले असतात.

सुट्या ध्वनींपेक्षाही अवघड असतो तो आघात. मराठी शब्दातील अक्षरे साधारण सारख्या जोराने उच्चारली जातात. इंग्रजीत एका अवयवावर जोर पडतो आणि बाकीचे अवयव दबतात. ‘फोटोग्राफ’ या शब्दात जोर पहिल्या अवयवावर आहे. छायाचित्रकाराला ‘फोटोग्राफर’ म्हणतात, तेव्हा तो दुसऱ्यावर सरकतो आणि आरंभीचा ‘फो’ दबून केवळ ‘फ’ होतो. ‘फोटोग्राफिक’ म्हणताना तो तिसऱ्यावर जातो. मराठीत आपण ‘मीच दिले’, ‘कालच दिले’, ‘पुस्तकच दिले’ असे म्हणतो. हा ‘च’ जे काम करतो, ते इंग्रजीत बहुधा आवाजाचा जोर करतो.

आघाताचे महत्त्व आपल्या पूर्वजांनाही ठाऊक होते. उच्चारशास्त्राला त्यांनी ‘शिक्षा’ असे नाव देऊन वेदांगांत पहिले स्थान दिले. एक जुनी कथा प्रसिद्ध आहे. त्वष्ट्याने इंद्राचा वध करणारा पुत्र मिळावा म्हणून यज्ञ केला. परंतु ‘इंद्रशत्रु’ या शब्दातील स्वर चुकीच्या जागी पडला. त्यामुळे ‘इंद्राला मारणारा’ हा अर्थ जाऊन ‘इंद्र ज्याला मारणार आहे तो’ असा अर्थ झाला आणि वृत्राचाच नाश झाला. शब्द तोच होता; केवळ स्वर बदलला होता.

वाक्याच्या चढउताराला मराठीत ‘हेल’ असा सुंदर शब्द आहे. “तू जेवलास.” हे विधान आहे; शेवटी सूर चढविला, की “तू जेवलास?” हा प्रश्न होतो. कोल्हापूरकडील आजीच्या ‘व्हय’ या एका शब्दात होकार, आश्चर्य आणि दटावणी ही तिन्ही मावतात. इंग्रजीत ज्या प्रश्नाचे उत्तर होय किंवा नाही असे असते, त्याचा सूर बहुधा शेवटी चढतो. ‘काय’, ‘कोठे’, ‘केव्हा’ असे विचारणाऱ्या प्रश्नाचा सूर बहुधा उतरतो. ज्या मुलाला आजीचा ‘व्हय’ अचूक कळतो, त्याला हा हेल कळणे अशक्य नाही.

मग अगदी इंग्रजांसारखे बोलता आले पाहिजे काय? तसे मुळीच नाही. खुद्द इंग्रजी बोलणाऱ्यांत एकवाक्यता नाही. ‘कार’ या शब्दातील शेवटचा ‘र’ अमेरिकेतील बहुतेक लोक स्पष्ट उच्चारतात. लंडनमधील मनुष्य तो सहसा गाळतो. कोल्हापूरचा हेल आणि पुण्याचा हेल वेगळा असला, तरी दोघांची मराठी खरीच असते. आपले बोलणे ऐकणाऱ्याला बिनचूक कळावे आणि त्याचे आपल्याला कळावे, एवढेच ध्येय पुरेसे आहे.

आणि हसण्याचे म्हणावे, तर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकन मिशनऱ्यांनी कोडोलीस आपले ठाणे केले होते. त्यांनाही मराठी शिकावी लागली. ‘ळ’ हा ध्वनी इंग्रजीत नाही. ‘बाळ’ आणि ‘बाल’ यांतील भेद इंग्रजी जिभेला सहज साधत नाही. ज्या ध्वनीची सवय नाही, तेथे प्रत्येकाचीच जीभ अडखळते. त्यात हसण्यासारखे काहीच नाही.

कोल्हापूरच्या मल्लाला पहिल्याच दिवशी डाव साधत नाही. तांबड्या मातीत तो शंभरदा पडतो, तेव्हा त्याचे अंग घडते. कानाचीही तशीच तालीम आहे. काही दिवसांनी त्या मुलीने वर्गात पुन्हा हात वर केला. तिने तोच धडा वाचला. सूर्य या खेपेस पश्चिमेलाच मावळला. मागच्या बाकावरील मुलाने तिला मधल्या सुट्टीत गाठले आणि खालच्या आवाजात विचारले, “तो फरक कसा करायचा, मला दाखवशील?” तिने दप्तरातून आरसा काढला.

शब्दार्थ

तालीम – सराव, आखाडा. मुद्रित करणे – (आवाज) नोंदवून ठेवणे. आघात – उच्चारातील जोर. अवयव – शब्दाचा एका झटक्यात उच्चारला जाणारा भाग. फारकत – ताटातूट. हेल – बोलण्यातील सुराचा चढउतार. वेदांग – वेदांच्या अभ्यासाला साहाय्यक असे शास्त्र. मल्ल – पहिलवान.

स्वाध्याय

१. मुलीने दोन निरनिराळे शब्द सारखेच का उच्चारले?
२. रेडिओवरील पाठ आणि व्हिडिओवरील पाठ यांत कोणता फरक आहे?
३. एकलव्याचे उदाहरण या पाठात कशासाठी दिले आहे?
४. भावाबरोबरच्या खेळाने मुलीला स्वतःची चूक कशी कळली, ते आपल्या शब्दांत लिहा.
५. ‘चाक’ आणि ‘चहा’ यांप्रमाणे ‘च’चे दोन उच्चार असलेले प्रत्येकी पाच शब्द शोधा.
६. कागदाची पट्टी ओठांपुढे धरून ‘काट’ व ‘खाट’, ‘ताट’ व ‘थाट’ हे शब्द उच्चारा आणि काय दिसते ते लिहा.
७. “बरं” हा शब्द होकार, प्रश्न आणि नाराजी अशा तीन हेलांत म्हणून दाखवा.