बोटातली गाठ : ‘ट्यूमर’ शब्दाला घाबरू नका, पण दाखवा

ताईंनो, आधी दोन्ही हातांची बोटं चाचपून पाहा. पेराजवळ वाटाण्याएवढी टणक गाठ लागते का? दुखत नाही म्हणून ती वर्ष-दोन वर्षं तशीच राहते. विळा नीट धरता येईना, की मग लक्ष जातं.

सायकलच्या ब्रेकची तार आठवा. तार ओढली की ब्रेक लागतो, आणि तारेवर नळी असते. बोट वाकवणारी कंडरा म्हणजे ती तार, नळी म्हणजे तिचं वेष्टन. या वेष्टनातून ही गाठ वाढते. कागदावर डॉक्टर लिहितात, ‘जायंट सेल ट्यूमर ऑफ टेंडन शीथ’. ‘ट्यूमर’ ऐकलं की घरात रडारड! अहो, ट्यूमर म्हणजे गाठ. ही कॅन्सरची नाही. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यात मोठाल्या पेशी दिसतात, म्हणून ‘जायंट सेल’. साधारण 30 ते 50 वयात होते, पुरुषांपेक्षा बायांना जास्त. एकीची दुसरीला लागत नाही.

मनगटावरची गाठ बहुतेकदा वेगळी असते, गँगलियन. तिच्यात चिकट पाणी असतं, टॉर्च लावला तर उजेड आरपार दिसतो. टणक गाठीतून दिसत नाही. पण टॉर्चवरून घरीच निकाल लावू नका. डाग देणं, दोरा आवळणं तर नकोच. बोटाच्या दोन्ही कडांनी नसा जातात.

वावरात काटा रुतून बोट सुजलं, सरळ करताना जोराची कळ आली, तर ती गाठ नव्हे. वेष्टनात पू होत असतो. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

गाठीसाठी आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, तिथून चिठ्ठी घेऊन नागपूरच्या मेडिकल, मेयो किंवा मिहानच्या एम्समध्ये. खर्चाची सोय योजनेत बसते का, ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड, आधार सोबत ठेवा. उपाय ऑपरेशनच. बहुतेकदा फक्त हात बधिर करतात. काढलेली गाठ तपासणीला पाठवली का, हे विचाराच, कारण नक्की निदान तिथेच होतं. आणि ऐका, काही जणींना ती परत येते. बारीकसा कण राहिला तरी पुन्हा वाढते. म्हणून जुना रिपोर्ट फेकू नका.

टाके निघेपर्यंत, दहा-चौदा दिवस, हात कोरडा ठेवावा लागतो. तेवढे दिवस तिचं भांडी-धुणं, शेणगोठा कोण पाहणार, हे गटाच्या बैठकीत ऑपरेशनच्या आधीच ठरवा.