मोटारीचा गंज : घरगुती दुरुस्ती आणि तिची मर्यादा

समुद्रकाठच्या गावी मोटार लवकर गंजते, हा अनुभव कोकणातील वाहनधारकांस नवा नाही. खाऱ्या वाऱ्याचे ते कार्य होय. परंतु समुद्रापासून दूर, तापीकाठी वसलेल्या बऱ्हाणपूरकडेही जीपगाड्यांचे तळाचे पत्रे गंजून चाळणीसारखे झालेले आढळतात, तेव्हा तेथे मीठ आले कोठून, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. त्याचे एक उत्तर खताच्या पोत्यात आहे. बऱ्हाणपूर आणि सीमेपलीकडील रावेर-यावल हा सारा टापू केळीचा. केळीच्या पिकास पालाश विपुल लागते व ते बहुधा म्युरिएट ऑफ पोटॅशच्या रूपाने दिले जाते. हे खत म्हणजे रासायनिक दृष्ट्या पोटॅशियम क्लोराइड. स्वयंपाकघरातील मिठाचे ते सख्खे भावंड होय. गाडीच्या मागील भागात पोती ठेवली, त्यांतील एखादे उसवले आणि वर पावसाची सर आली, की ते खारे पाणी पत्र्याच्या सांध्यांत उतरते. त्यातच केळीची ओली पाने व चिखल साचून राहिला, तर ती जागा दिवसेंदिवस सुकत नाही.

लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले म्हणजे गंज निर्माण होतो. पाण्यात क्षार विरघळलेले असल्यास ही क्रिया अधिक वेगाने चालते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट असते. म्हणूनच रंगाखाली गंज धरला की रंग प्रथम फुगतो आणि मग पोपडा सुटतो. वरून दिसणारा फोड हा रोगाचा आरंभ नव्हे, तो पुष्कळ पुढे गेल्याची खूण आहे. दिल्लीच्या मेहरौली येथील लोहस्तंभ सोळाशे वर्षे टिकला, मग मोटारीने पंधरा वर्षांत का सडावे, असे कोणी विचारतात. त्या स्तंभाच्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण अधिक असल्याने त्यावर संरक्षक थर तयार झाला, असे संशोधकांचे प्रतिपादन आहे. शिवाय तो सहा टनांहून अधिक वजनाचा भरीव खांब. मोटारीचा पत्रा बहुधा एक मिलिमीटरहूनही पातळ असतो. तुलना करण्यात अर्थ नाही.

दुरुस्तीस हात घालण्यापूर्वी निदान करणे अगत्याचे आहे. बॉनेट व टप यांवरील रंगाचे पापुद्रे पुष्कळदा केवळ उन्हामुळे सुटतात. तेथे वरचा पारदर्शक थर निघालेला असतो, खाली गंज नसतो. पोपड्याच्या कडेला चिकटपट्टी दाबून लावावी आणि झटक्याने ओढावी. पट्टीबरोबर रंग निघतच राहिला, तर तेथे ठिगळ टिकणार नाही. तो संपूर्ण भाग घासून नव्याने रंगविणे हाच उपाय. याउलट, फोडाखाली तांबूस भुकटी दिसली तर बोथट स्क्रू-ड्रायव्हरने जागा टोचून पाहावी. पत्रा टणक लागला तर काम घरी होण्याजोगे आहे. टोक आत गेले तर नाही.

येथेच घरगुती कामाची खरी मर्यादा सुरू होते. दारावरील, मडगार्डवरील किंवा डिकीच्या झाकणावरील गंज ही शोभेची बाब आहे. मात्र चासी, दाराखालील उंबऱ्याची चौकट, पाट्यांचे व शॉक-ॲब्सॉर्बरचे आधार, बसण्याच्या आसनांचे व सुरक्षा-पट्ट्यांचे बोल्ट आणि ब्रेकच्या नळ्या यांवर खोलवर गंज दिसल्यास त्यावर रंग फासणे म्हणजे धोका झाकून ठेवणे होय. अशा ठिकाणी सडलेला भाग कापून नवा पत्रा जोडणारा जाणकार कारागीरच हवा. ज्या जीपमधून दररोज माणसांची ने-आण होते, तिच्या बाबतीत तर याविषयी दुमत असू नये.

घरी करण्याजोग्या कामास प्रारंभ धुण्याने करावा. चिखल, तेल व क्षार पूर्णपणे काढून जागा कोरडी करावी. आजूबाजूचा चांगला रंग चिकटपट्टी व वर्तमानपत्राने झाकावा. (बऱ्हाणपूर जिल्ह्यातीलच नेपानगरचा कागद कारखाना १९५६ साली पंडित नेहरूंच्या हस्ते राष्ट्रास अर्पण झाला, वर्तमानपत्री कागदाचा हा उपयोग मात्र तेव्हा कोणाच्या ध्यानी नसावा.) सुटे पोपडे पात्याने खरवडावेत, तारेच्या ब्रशाने गंज काढावा आणि मग ८० क्रमांकाच्या काचकागदाने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासावे. गंजाच्या डागाभोवती दोन-तीन बोटे रुंद निरोगी दिसणारा रंगही घासणे आवश्यक असते, कारण गंज कडेने रंगाखाली पसरलेला असतो. बहुतेकांचे काम फसते ते येथेच. पुढे १८० व ३२० क्रमांकाच्या कागदाने कडा इतकी उतरती करावी, की नख फिरविले असता पायरी जाणवू नये.

बारीक खड्ड्यांत काळा गंज चिकटून राहतो. त्यासाठी गंज-रूपांतरक द्रव मिळतो. त्यात फॉस्फोरिक आम्ल किंवा टॅनिन असते. टॅनिनची क्रिया आपल्याकडे अपरिचित नाही. हिरडा व हिराकस यांपासून काळी शाई करण्याच्या जुन्या रीतीत लोखंड व टॅनिन यांचाच संयोग होत असे. तथापि हिरड्याचा काढा मोटारीस लावून पाहण्याचा उत्साह आवरावा; तयार द्रवच डब्यावरील सूचनेबरहुकूम वापरावा, आणि तोही सुटा गंज पूर्ण निघाल्यानंतर. जाड गंजावर तो केवळ वरची साल काळी करतो.

उघडा धातू रात्रभर तसाच ठेवू नये. दमट हवेत काही तासांतच त्यावर नवा तांबूस थर येतो. म्हणून त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमरचा हात द्यावा. खोलगट जागी लांबी भरावयाची असल्यास ती प्रायमरवर, पातळ थरांनी भरावी. लांबी पाणी शोषून घेते. गंजावर भरलेली लांबी म्हणजे पत्र्यावर बसविलेला ओला बोळाच समजावा. ती घासून सारखी केल्यावर पुन्हा प्रायमर द्यावा आणि ४०० ते ६०० क्रमांकाच्या पाणकागदाने पाणी लावून घासून पूर्ण सुकू द्यावे.

रंगाचा सांकेतिक क्रमांक पुष्कळ गाड्यांवर, दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखालील पट्टीवर दिलेला असतो. रंग त्यावरून घ्यावा. नोंदणीपत्रात वाहनाचा रंग नमूद असतो, हेही स्मरणात असावे. फवाऱ्याचा डबा पत्र्यापासून वीतभर अंतरावर धरून पातळ हात द्यावेत, व प्रत्येक हातानंतर दहा-पंधरा मिनिटे थांबावे. एकाच जाड हाताने ओघळ येतात. पावसाळ्यात रंगावर दुधट झाक येते. खानदेश-निमाडच्या वैशाखात पत्रा इतका तापतो की रंग सपाट होण्यापूर्वीच सुकतो. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस या कामास उत्तम.

जुन्या रंगात शिसे असू शकते, यास्तव तो कोरडा घासू नये. पाणी लावून घासावा, तोंडास धूळरोधक मुखपट्टी बांधावी आणि मुलांना दूर ठेवावे. थिनरजवळ विडी-काडी नको. दोन डब्यांतील द्रव मिसळून वापरावयाच्या पॉलियुरेथेन रंगाच्या फवाऱ्यात आयसोसायनेट असते. ते फुप्फुसांस अपायकारक असून साध्या रुमालाने अडत नाही. हा रंग घरी फवारू नये.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यास या सर्व माहितीचा आणखी एक उपयोग आहे. पातळ कापडात गुंडाळलेला लोहचुंबक दाराच्या खालच्या कडेवरून व चाकांच्या कमानीवरून फिरवावा. जेथे तो पकड सोडतो, तेथे पोलादाऐवजी जाड लांबी असण्याचा संभव असतो. तसे आढळल्यास किंमत ठरविण्याआधी गाडी खालून पाहावी.

बऱ्हाणपुरात अब्दुर्रहीम खानखानाच्या काळी, १६१५ साली, सातपुड्याकडील भूगर्भातील पाणी कुंड्यांच्या मालिकेतून शहरास आणणारा कुंडी भंडारा बांधण्यात आला. पाण्यास वाट ठेवण्याचे शास्त्र तेथे जसे दिसते, तसेच ते लहान प्रमाणात मोटारीच्या दारातही असते. काचेवरून आत उतरलेले पाणी दाराच्या खालच्या कडेतील छिद्रांवाटे बाहेर पडावे, अशी योजना असते. ती छिद्रे धुळीने बुजली म्हणजे दार आतून सडू लागते. मृगापूर्वी एकदा लाकडी काडीने ती मोकळी करावीत. तार वापरल्यास कडेचा रंग खरवडतो.